एका मातबर संघाचें पतन आणि त्याचा नवा गुरु

इंग्लंडच्या मध्यभागांत बर्मिंगहॅम हें कारखान्यांचें मोठें शहर आहे. त्या शहराच्या उत्तरेकडील ॲस्टन या वस्तींत १९३६ सालच्या वसंतऋतूंत एक घटना घडली. ती घडूं शकेल यावर तेथील तीन पिढ्यांपैकीं कोणींहि विश्वास ठेवला नसता. ॲस्टन व्हिला हा तेथील फुटबॉल-संघ पहिल्या श्रेणींतून दुसऱ्या श्रेणींत उतरला. राज्यें उलथल्याच्या वार्ता ज्या काळांत वरचेवर येत होत्या, त्या काळांत चेंडूच्या खेळांतील ही घसरण परक्या माणसाला क्षुल्लक वाटेल. परंतु शनिवारीं दुपारीं कारखाना सुटतांच एक शिलिंग मुठींत धरून व्हिला पार्क मैदानाची वाट चालणाऱ्या हजारों कामकऱ्यांच्या घरीं तें खरोखरीच सुतक होतें. या पतनानंतर संघाचीं सूत्रें ज्या नव्या माणसाच्या हातीं आलीं, त्याच्याविषयीं संशय बाळगण्यास लोकांना कोणतीं कारणें होतीं, तीं कितपत रास्त होतीं आणि अखेरीस तो संशय कसा फिटला, ही हकीकत फुटबॉल न खेळणाऱ्यांनींहि ऐकण्याजोगी आहे.

व्हिलाच्या घराण्याचें मोठेपण आधीं ध्यानांत घेतलें पाहिजे. १८७४ सालीं व्हिला क्रॉस येथील वेस्लियन प्रार्थनामंदिराशीं संबंध असलेल्या कांहीं तरुण क्रिकेटपटूंनीं हा संघ काढला. पुढें चौदा वर्षांनीं, १८८८ सालीं, याच संघाचे एक चालक विल्यम मॅक्ग्रेगर यांनीं निरनिराळ्या संघांना पत्रें धाडून, सर्वांनीं ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणें परस्परांशीं नियमित सामने खेळावेत, अशी सूचना केली. मॅक्ग्रेगर हे मूळचे स्कॉटलंडचे, धंदा कापडाचा. त्यांच्या त्या सूचनेंतून बारा संघांची फुटबॉल लीग जन्मास आली. आज देशोदेशीं ज्या लीग-स्पर्धा चालतात त्यांचा मूळ झरा हाच. १८९४ ते १९१० या अवधींत व्हिलानें लीगचें अजिंक्यपद सहा वेळां मिळविलें. १८८७ ते १९२० या काळांत इंग्लिश कपहि सहा वेळां जिंकला, आणि १८९७ सालीं तर हे दोन्हीं मान एकाच हंगामांत घरीं आणले. लीग सुरू झाल्यापासून ४८ वर्षांत हा संघ पहिल्या श्रेणीच्या खालीं एकदांहि गेला नव्हता. लीगच्या जन्मदात्याचाच संघ लीगच्या पहिल्या पंक्तींतून उठवला जावा, हें म्हणजे यजमानालाच पानावरून उठविण्यासारखें झालें.

त्या काळच्या लीगची रचना समजल्याखेरीज या दुःखाचें माप कळत नाहीं. पहिल्या व दुसऱ्या श्रेणींत प्रत्येकीं बावीस संघ असत. प्रत्येक संघ आपल्या श्रेणींतील इतर एकवीस संघांशीं दोनदां, एकदां स्वतःच्या व एकदां प्रतिपक्षाच्या मैदानावर, असे ४२ सामने खेळे. विजयाला दोन गुण आणि बरोबरीला एक. हंगामाच्या शेवटीं पहिल्या श्रेणींतील तळाचे दोन संघ खालीं जात आणि दुसऱ्या श्रेणींतील अग्रभागींचे दोन वर येत. खालीं गेलेल्या संघाला आर्सेनल, एव्हर्टन यांसारखे तोलामोलाचे प्रतिस्पर्धी लीगमध्यें मिळेनासे होत. प्रेक्षक घटण्याची धास्ती असे, आणि चांगल्या खेळाडूंचें मन दुसरीकडे ओढूं लागे. एकदां निसटलेली पायरी पुन्हां कधीं सांपडेल याची शाश्वति कोणीच देऊं शकत नसे.

ही पडझड आली तीहि वैभवाच्या अगदीं पाठोपाठ. १९३०-३१ च्या हंगामांत व्हिलानें लीगमध्यें १२८ गोल केले होते. इंग्लंडच्या पहिल्या श्रेणींतील तो उच्चांक आजहि अबाधित आहे. त्या एका हंगामांत वॉरिंग या एकट्या खेळाडूचे लीगमधील गोल ४९ होते. पांच वर्षांनीं चित्र पालटलें. १९३५-३६ सालीं व्हिलावर ४२ सामन्यांत ११० गोल झाले. १४ डिसेंबर १९३५ या दिवशीं आर्सेनलनें व्हिलाच्याच मैदानावर येऊन सात विरुद्ध एक असा त्यांचा पाडाव केला, आणि आर्सेनलचे सातहि गोल टेड ड्रेक या एकाच गड्यानें केले. संचालकांनीं थैलीचें तोंड मोकळें सोडलें. स्कॉटलंडहून जॉर्ज कमिंग्ज, ॲलेक्स मॅसी यांच्यासारखे नामांकित खेळाडू आणले. परंतु घाईनें विकत घेतलेल्या चांगल्या माणसांचा आपोआप चांगला संघ होत नाहीं. हंगाम संपला तेव्हां व्हिला एकविसावा होता. त्याच्या खालीं फक्त ब्लॅकबर्न रोव्हर्स. लीगच्या बारा संस्थापकांपैकीं आजवर कधीं न घसरलेले हे दोन संघ, दोघेहि एकाच वर्षीं घसरले.

पाठीराख्यांच्या रागाचा रोख साहजिकच संघाच्या कारभाराकडे वळला. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. संघ निवडणारा, खेळाचें धोरण ठरविणारा आणि पराजयाचें खापर ज्याच्या माथीं फुटतें असा मॅनेजर, म्हणजे व्यवस्थापक, हा अधिकारी व्हिलाला जवळजवळ अपरिचित होता. १८८४ पासून १९२६ पर्यंत जॉर्ज रॅम्झी हे चिटणीस होते. ते आणि संचालकमंडळाची समिति मिळून संघ निवडीत, आणि व्हिलाचे सर्व मोठे विजय याच पद्धतीनें मिळाले होते. हडर्सफील्ड व आर्सेनल या संघांना हर्बर्ट चॅपमन या एका कर्त्या व्यवस्थापकानें वैभवास नेलें, तें पाहून व्हिलानेंहि १९३४ सालीं प्रथमच हें पद निर्माण केलें आणि जिमी मॅक्मुलन यांना त्यावर नेमलें. १९२८ सालीं वेम्ब्ली येथें इंग्लंडचा पांच विरुद्ध एक असा धुव्वा उडविणाऱ्या स्कॉटिश संघाचे ते नायक. तथापि १९३५ च्या ऑक्टोबरांत त्यांनींहि पद सोडलें, आणि तेथून पतनापर्यंत संघाला व्यवस्थापकच नव्हता. व्यवस्थापक या संस्थेचा व्हिलाच्या लोकांना आलेला अनुभव एवढाच.

अशा वेळीं फ्रेडरिक रिंडर हे जुने कारभारी संचालकमंडळावर परत आले. व्हिला पार्क मैदान ज्यांच्या दूरदृष्टीनें उभें राहिलें त्यांपैकीं हे प्रमुख. नव्या प्रेक्षागाराच्या खर्चावरून झालेल्या वादांत १९२५ सालीं त्यांना बाहेर पडावें लागलें होतें. परतले तेव्हां त्यांचें वय ७८ वर्षांचें होतें. वृद्ध माणूस जुन्याच वाटेनें जाईल अशी कोणाचीहि अपेक्षा असावी. पण रिंडर यांच्या पुढाकारानें नोव्हेंबर १९३६ मध्यें व्यवस्थापक म्हणून ज्याला आणलें गेलें, त्याचें नांव व्हिएन्ना आणि बुडापेस्ट येथें जितकें दुमदुमत होतें तितकें त्याच्या मायदेशांत नव्हतें. तें नांव जिमी हॉगन.

हॉगन यांचा जन्म १८८२ सालीं लँकेशायरमधील नेल्सन या गांवीं एका आयरिश कॅथॉलिक कुटुंबांत झाला. मुलानें धर्मोपदेशक व्हावें अशी वडिलांची इच्छा होती. मुलानें चेंडू पत्करला. बर्नली, फुलहॅम, बोल्टन अशा संघांतून ते खेळले, पण खेळाडू म्हणून मधल्या प्रतीचेच राहिले. त्यांच्या तरुणपणची एक आठवण ते पुढें सांगत. बर्नलीकडून खेळतांना त्यांचा एक फटका गोलाच्या दांडीवरून गेला. आपलें काय चुकलें, पाय चुकीचा पडला कीं तोल गेला, असें त्यांनीं व्यवस्थापकाला विचारलें. उत्तर मिळालें तें असें, कीं फटके मारीत राहा. दहांत एक बसला तरी पुष्कळ झालें. हें उत्तर हॉगन यांना आयुष्यभर खटकलें. चूक कां झाली हें जाणतां येतें आणि जाणलेली चूक सुधारतां येते, हा त्यांच्या साऱ्या शिकवणुकीचा पाया त्या खटकण्यांतून पडला.

इंग्लंडांत अशा शिकवणुकीला गिऱ्हाईक नव्हतें. तें युरोपखंडांत मिळालें. १९१० सालीं हॉगन हॉलंडमधील डॉर्ड्रेख्ट येथें शिक्षक झाले. १९१२ मध्यें ऑस्ट्रियन फुटबॉलचे धुरीण ह्यूगो माइस्ल यांनीं त्यांना व्हिएन्नास बोलाविलें. १९१४ मध्यें महायुद्ध पेटलें तेव्हां ते व्हिएन्नांतच होते, आणि शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांना अटक झाली. पुढें सुटका होऊन ते बुडापेस्ट येथें गेले आणि एम. टी. के. या संघाच्या मुलांना शिकवूं लागले. बागेंत खेळणाऱ्या पोरांमधून त्यांनीं ऑर्थ आणि ब्राउन यांच्यासारखे खेळाडू हेरले, आणि त्या संघानें हंगेरीचें अजिंक्यपद एकामागून एक खिशांत घातलें. युद्धानंतर स्वित्झर्लंड, जर्मनी, फ्रान्स अशी त्यांची भ्रमंती चालू राहिली. ७ डिसेंबर १९३२ रोजीं लंडनमध्यें माइस्ल यांच्या ऑस्ट्रियन संघानें इंग्लंडला तीन विरुद्ध चार गोलांपर्यंत झुंजविलें, त्या संघाच्या तयारीस हॉगन यांचा हात लागलेला होता. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्यें त्यांच्या देखरेखीखालीं ऑस्ट्रियाच्या हौशी खेळाडूंनीं अंतिम सामना गांठला आणि जादा वेळेंत इटलीकडून एका गोलानें हार खाल्ली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आंत हॉगन बर्मिंगहॅमला आले.

युरोपांत एवढी कीर्ति मिळविलेला माणूस घरीं येत असतां बर्मिंगहॅमच्या पाठीराख्यांनीं त्याच्याकडे साशंक नजरेनें पाहावें, याला निदान चार कारणें होतीं, आणि त्यांतील एकहि निव्वळ मूर्खपणाचें नव्हतें.

पहिलें कारण वर आलेंच आहे. व्यवस्थापकाविना संघ सहा वेळां अजिंक्य झाला आणि व्यवस्थापक नेमल्यावर दोन वर्षांत बुडाला. यांतील कार्यकारणभाव कच्चा असेल, पण शनिवारीं सायंकाळीं गुलाबी कागदावर छापलेलें स्पोर्ट्स आर्गस हें पत्र हातीं धरून हिशेब करणाऱ्या सामान्य माणसाला तो कच्चा वाटण्याचें कारण नव्हतें.

दुसरें कारण हॉगन यांचा मायदेशांतील इतिहास. १९३४ सालीं लंडनच्या फुलहॅम संघानें त्यांना व्यवस्थापक केलें होतें. अवघ्या ३१ सामन्यांनंतर, ते शस्त्रक्रियेसाठीं रुग्णालयांत असतांनाच, त्यांना कामावरून दूर करण्यांत आलें. मुरलेल्या धंदेवाईक खेळाडूंना शिकविण्याची गरज नाहीं, असा तेथील मंडळींचा अभिप्राय पडला. फुलहॅम हा त्या वेळीं दुसऱ्या श्रेणींतलाच संघ. जो मनुष्य एका दुसऱ्या श्रेणींतील संघाला एक हंगामभरहि चालला नाहीं, तो दुसऱ्याला तेथून वर कसा काढणार, हा प्रश्न कोणीहि विचारला असता.

तिसरें कारण सर्वांत खोल होतें. खेळाडू जन्मावा लागतो, तो घडवितां येत नाहीं, ही इंग्लंडची जुनी श्रद्धा. तेथील संघांच्या सरावांत धांवण्यावर भर असे. आठवडाभर खेळाडूंना मैदानाभोंवतीं फेऱ्या घालायला लावीत; चेंडू मात्र कपाटांत बंद. चेंडू आठवडाभर दृष्टीआड राहिला म्हणजे शनिवारीं खेळाडू त्यावर भुकेल्यासारखा तुटून पडेल, असा यामागचा विचार. हॉगन यांचें मत याच्या नेमकें उलट. गवयाला गळा लागतो तसा खेळाडूला चेंडू लागतो. रोज रियाज केल्यावांचून तो वश होणार कसा? चेंडू थांबविणें, तो दोन्हीं पायांनीं खेळविणें, जमिनीलगत जवळच्या गड्याकडे देणें आणि लगेच मोकळ्या जागेंत सरणें, हे धडे ते स्वतः करून दाखवीत, आणि तेंहि वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं. ज्यांना देशाच्या संघांतून खेळण्याचा मान मिळाला होता अशा खेळाडूंना शाळकरी पोरांप्रमाणें पुन्हां मूळाक्षरें गिरवायला बसविणें, हें पाहणाऱ्याला विपरीतच वाटावें.

चौथें कारण बोलून दाखविण्यास अवघड, पण मनांत सलणारें होतें. पहिल्या महायुद्धांत बर्मिंगहॅमचीं मुलें खंदकांत मरत असतांना हा मनुष्य शत्रूच्या राजधानींत चेंडू शिकवीत होता. तो तेथें अडकला होता, स्वखुषीनें राहिला नव्हता, हा खुलासा सर्वांपर्यंत पोहोंचत नाहीं. युद्धानंतर आर्थिक मदतीच्या आशेनें आपण लंडनला फुटबॉल असोसिएशनच्या कचेरींत गेलों असतां, चिटणीसांनीं आपल्यापुढें सैनिकांना धाडतात तसल्या खाकी मोज्यांच्या जोड्या ठेवल्या, ही कडवट आठवण हॉगन पुढें सांगत. अधिकाऱ्यांची ही भावना, तर रस्त्यावरच्या माणसाची काय असेल?

या चार कारणांच्या गर्दींत एक सत्य मात्र झांकलें गेलें. जमिनीलगत, जवळच्या जवळ चेंडू देत पुढें सरकण्याची जी रीत व्हिएन्नाची म्हणून परकी भासत होती, तिचें मूळ स्कॉटलंडांत होतें. फुलहॅममध्यें खेळत असतांना हॉगन यांनीं ती स्कॉटिश गड्यांकडून उचलली आणि पुढें डॅन्यूबच्या कांठीं नेली. आणि व्हिलाला प्रथम नांवारूपास आणलें तें कोणीं? ग्लासगोहून आलेल्या जॉर्ज रॅम्झी यांनीं आणि त्यांच्या मागोमाग आलेल्या आर्ची हंटर या कप्तानानें. याच दोन स्कॉटिश पुरुषांनीं एकोणिसाव्या शतकांत व्हिलाला चेंडूशीं लडिवाळपणें खेळायला आणि एकमेकांना हात देत खेळायला शिकविलें होतें. म्हणजे हॉगन जें आणीत होते तें व्हिलाच्याच तळघरांतील जुनें नाणें होतें. बाहेरगांवीं फिरून तें परत आलें, आणि त्यावरची छाप घरच्यांना ओळखूं आली नाहीं.

पहिल्या हंगामानें संशय कमी केला नाहीं. १९३७ च्या वसंतांत व्हिला दुसऱ्या श्रेणींत नववा आला. वर चढणें दूरच, बढतीच्या झगड्यांतहि तो कोठें दिसला नाहीं. दुसऱ्या श्रेणींतील दुसरें वर्ष समोर उभें राहिलें. ज्या संघाला खालच्या श्रेणीची एक वर्षाची संवय होते त्याला ती दहा वर्षांचीहि होते, हें भय सर्वांना होतें. याच सुमारास हॉगन यांना दूर केलें असतें तर कोणीहि संचालकांना दोष दिला नसता, आणि इतिहासांत त्यांची नोंद फुलहॅमप्रमाणेंच व्हिलालाहि न मानवलेला पुस्तकी पंडित अशी झाली असती. परंतु हॉगन यांना वेळ मिळाला. त्या हिवाळ्यांत शेफील्डहून रॉनी स्टार्लिंग हा कसबी गडी संघांत आला होता. कमिंग्ज, मॅसी आणि बचावाच्या मध्यभागीं उभा राहणारा जिमी ॲलन हे आधींच होते. एरिक हाउटन हा जबरदस्त फटक्याचा खेळाडू व्हिलाच्याच अंगणांत वाढलेला, आणि फ्रँक ब्रूम हा चपळ तरुण नुकताच उमलत होता. माणसें पुष्कळशीं तींच होतीं. दोन वर्षांपूर्वीं तीं एकत्र होतीं तेव्हां संघ बुडाला. आतां तीं एकमेकांना ओळखून खेळूं लागलीं.

१९३७-३८ च्या हंगामानें जो निकाल दिला तो आंकड्यांतच सांगणें बरें. ४२ सामन्यांत २५ विजय, ७ बरोबरी, १० पराजय, ५७ गुण. दुसऱ्या श्रेणींत पहिला क्रमांक. मागें पडलेले मँचेस्टर युनायटेड व शेफील्ड युनायटेड हे प्रत्येकीं ५३ गुणांवर राहिले. परंतु याहून बोलका आंकडा दुसराच आहे. पतनाच्या वर्षीं ज्या संघावर ११० गोल झाले होते, त्याच संघावर या हंगामांत ३५ झाले. दुसऱ्या श्रेणींतील प्रतिस्पर्धी दुबळे होते हें मान्य केलें तरी एवढा फरक नुसत्या दुबळेपणानें पडत नाहीं. चेंडू आपल्याच माणसांत खेळत राहिला म्हणजे प्रतिपक्षाला गोल करण्यास तो मिळतच नाहीं, हा हॉगन यांचा साधा हिशेब त्या ३५ मध्यें दिसतो.

इंग्लिश कपमध्यें या दुसऱ्या श्रेणींतील संघाची परीक्षा वरच्या संघांशीं झाली, आणि तीच पाठीराख्यांच्या दृष्टीनें निर्णायक. पांचव्या फेरींत लंडनच्या चार्लटन ॲथलेटिक या पहिल्या श्रेणींतील बलाढ्य संघाशीं गांठ पडली. १२ फेब्रुवारी १९३८ रोजीं चार्लटनच्या व्हॅली मैदानावर ७५,०३१ प्रेक्षक लोटले. त्या मैदानावरील गर्दीचा तो उच्चांक आजतागायत मोडला गेलेला नाहीं. सामना बरोबरींत सुटला. व्हिला पार्कवरील दुसरा सामनाहि बरोबरींत. अखेर तिसरा सामना आर्सेनलच्या मैदानावर होऊन व्हिलानें चार विरुद्ध एक असा जिंकला. पुढल्या फेरींत मँचेस्टर सिटी या चालू अजिंक्य संघाला व्हिलानें तीन विरुद्ध दोन असें हरविलें. दैवाचा खेळ असा, कीं तोच अजिंक्य मँचेस्टर सिटी त्या हंगामाच्या शेवटीं दुसऱ्या श्रेणींत उतरला आणि व्हिला वर चढला. उपान्त्य सामन्यांत मात्र प्रेस्टन नॉर्थ एंडनें व्हिलाला दोन विरुद्ध एक असें थोपविलें. कप त्यांनींच जिंकला.

या यशाचें सर्व श्रेय एकट्या हॉगन यांच्या पदरांत टाकणें इतिहासाला धरून होणार नाहीं. पैसा संचालकांनीं आधींच ओतला होता, आणि रिंडर यांचा अनुभव पाठीशीं होता. परंतु पैशानें जें १९३६ मध्यें साधलें नाहीं तें १९३८ मध्यें साधलें, आणि मधल्या काळांत सर्वांत मोठा बदल झाला तो शिकवणुकीचा, एवढें म्हणण्यास हरकत नाहीं. वृद्ध रिंडर यांनीं आपल्या निवडीचें फळ पाहिलें, आणि १९३८ च्या नाताळच्या दिवशीं त्यांनीं देह ठेवला. त्या हंगामांत पहिल्या श्रेणींत व्हिलानें बारावें स्थान मिळविलें. लगेच दुसरें महायुद्ध आलें, लीग बंद पडली, संघाचा कारभार आवरला गेला आणि हॉगन यांची नोकरीहि संपली.

पाठीराख्यांचा संशय अशा रीतीनें दोन वर्षांत फिटला. ज्यांचा फिटला नाहीं ते निराळे होते. व्हिलाच्याच एका अध्यक्षानें हॉगन यांना, हीं शास्त्रें मला सांगूं नका, चेंडू जाळ्यांत घाला म्हणजे झालें, अशा अर्थाचें सुनावल्याची कथा सांगितली जाते. कथा शब्दशः खरी असो वा नसो, देशांतील एकंदर वृत्ति तशीच होती. एका संघानें वर चढून दाखविलें, तरी चेंडू कपाटांत ठेवण्याची चाल दुसऱ्या महायुद्धानंतरहि अनेक ठिकाणीं टिकून राहिली. जो पाठीराखा शिलिंग देऊन दर शनिवारीं पाहावयास येई, त्याच्या संशयाला डोळे होते; खेळ बदललेला दिसतांच त्याचें मतहि बदलूं शकलें. ज्यांनीं पाहावयाचेंच नाहीं असें ठरविलें होतें त्यांच्यापुढें ३५ गोलांचा आंकडा ठेवून काय उपयोग?

त्यांना पाहावें लागलें तें २५ नोव्हेंबर १९५३ रोजीं. त्या दिवशीं वेम्ब्ली येथें हंगेरीनें इंग्लंडला सहा विरुद्ध तीन असें हरविलें. घरच्या मैदानावर इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचा पूर्वीं कधीं पराभव झाला होता तर तो ब्रिटिश बेटांतील संघांकडूनच. ब्रिटिश बेटांबाहेरील देशाकडून हा पहिलाच. आम्ही जें शिकलों तें जिमी हॉगन यांच्याकडून, असें हंगेरीच्या फुटबॉल-संघटनेच्या प्रमुखांनीं जाहीरपणें सांगितलें. हॉगन त्या वेळीं ७१ वर्षांचे होते आणि तेथेंच प्रेक्षकांत बसले होते. त्यांच्याबरोबर व्हिलाचीं शिकाऊ पोरें होतीं. कारण व्हिलानें त्यांना पुन्हां शिक्षक म्हणून बोलाविलें होतें, आणि बोलाविणारे नवे व्यवस्थापक होते एरिक हाउटन. सतरा वर्षांपूर्वीं ज्या खेळाडूंना मूळाक्षरें गिरवावीं लागलीं होतीं, त्यांपैकींच हे एक. विद्यार्थ्यानें गुरूला दिलेली याहून मोठी पावती कोणती? १९५७ सालीं त्याच हाउटन यांच्या संघानें व्हिलाला सातव्यांदां इंग्लिश कप मिळवून दिला.

व्हिलाच्या पुढील इतिहासांत पतनाचे प्रसंग पुन्हां आले: १९५९, १९६७, १९७०, १९८७ आणि २०१६. प्रत्येक वेळीं नव्या व्यवस्थापकाविषयीं तीच कुजबुज. तिचें उत्तर दर वेळीं एकच आलें नाहीं. १९८७ च्या पतनानंतर ग्रॅहम टेलर आले आणि एका वर्षांत संघ वर गेला. २०१६ मध्यें युरोपचें अजिंक्यपद मिळवून दिलेले रॉबर्टो दि मात्तेओ आले. लीगच्या अकरा सामन्यांत एकच विजय मिळाल्यावर ऑक्टोबरांत त्यांना जावें लागलें. एकाची कीर्ति मोठी म्हणून तो यशस्वी होतो असें नाहीं, आणि दुसरीकडून काढून टाकलेला म्हणून दुसरा अयशस्वी होतो असेंहि नाहीं. म्हणून संशय घेणें हा पाठीराख्याचा हक्कच समजावा. मात्र त्याच्या संशयाला मुदत असावी, आणि त्या मुदतींत त्यानें नुसता गुणांचा तक्ता न वाचतां मैदानावर काय बदललें आहे तें पाहावें, एवढें हॉगन यांच्या चरित्रावरून त्याला सांगतां येईल.

हॉगन ३० जानेवारी १९७४ रोजीं बर्नली येथें, वयाच्या ९१ व्या वर्षीं वारले. तें व्हिलाचें शताब्दीचें वर्ष होतें आणि संघ त्या वेळींहि दुसऱ्या श्रेणींतच होता. त्याच वर्षीं मँचेस्टर सिटीनें काढून टाकलेले रॉन साँडर्स हे व्हिलाचे व्यवस्थापक झाले. पुढल्याच वर्षीं संघ पहिल्या श्रेणींत परतला, आणि १९८१ मध्यें, १९१० नंतर प्रथमच, लीगचें अजिंक्यपद पुन्हां ॲस्टनला आलें.